पिल्लाला परसाची वाट

'परसाकडे जाणे' हा आपल्या बोलीतला जुना आणि फार सभ्य शब्द. घराच्या मागल्या बाजूला जायचे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पण सांगायचे ते सारे त्यात येते. माणसाच्या मुलाला ही वाट कळायला दोन-अडीच वर्षे लागतात. तोवर आपण काही त्याला घराबाहेर काढत नाही. दुपटी धुतो, वाळत घालतो आणि पुन्हा समजावतो. आज मी बोलणार आहे ते कुत्र्याच्या पिल्लाला हीच वाट कशी दाखवावी याविषयी.

कोणी म्हणेल, "अहो, यावर कसलं भाषण करता? कुत्रं ते कुत्रं. त्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच." शेपटाचे मी काही सांगू शकत नाही, पण परसाची वाट मात्र पिल्लू शिकते, आणि लवकर शिकते. न शिकले तर काय होते, ते तुम्ही पाहिलेले आहेच. पोरगे शाळेतून येताना दप्तराबरोबर एक पिल्लू उचलून आणते. पहिल्या दिवशी सारे घर त्याच्याभोवती गोळा. दुसऱ्या दिवशी ओसरीवर थारोळे. तिसऱ्या दिवशी माजघरात घाण. मग घरातली वडील माणसे कातावतात आणि आठव्या दिवशी कोणीतरी ते पिल्लू पिशवीत घालून बाजारच्या वाटेवर सोडून येते. पोर दोन दिवस जेवत नाही. पिल्लाचे पुढे काय होते ते कोणी पाहायला जात नाही. गाडीखाली सापडते, उपाशी मरते, किंवा जगलेच तर गावच्या मोकाट टोळीत जाते. जनावराला असे उपासमारीत टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षाही मला त्या पोराचे वाटते. जीव जड झाला की टाकून द्यायचा असतो, एवढे ते त्या दिवशी शिकते.

आणि हे सारे कशापायी? तर पंधरा दिवस नेटाने कोणी त्याच्यामागे उभे राहिले नाही म्हणून.

आधी पिल्लाची बाजू समजून घेऊ. पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. ते साधारण दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. पहिले सुमारे तीन आठवडे त्याला आपणहून शी-शू करताही येत नाही. आई चाटते तेव्हा ती होते, आणि आईच सारे चाटून जागा कोरडी ठेवते. तिसऱ्या आठवड्यानंतर पाहा, तेच पिल्लू लटपटत्या पायांनी झोपण्याच्या जागेपासून चार पावले दूर सरकते आणि तिथे बसते. हे त्याला कोणी शिकवलेले नसते. आपले अंथरूण घाण करायचे नाही, ही समज निसर्गानेच दिलेली आहे. आपल्याला शिकवायचे एवढेच की, बाबा रे, हे अख्खे घर म्हणजे तुझे अंथरूण आहे.

आणखी एक गोष्ट. दोन महिन्यांचे होईतो पिल्लू पायाखालची जागा ओळखू लागते. गवतावर, मातीवर वाढलेले पिल्लू माती शोधते. गोणपाटावर वाढलेले असेल तर ते गोणपाट शोधते, आणि तुमची गोधडी त्याला गोणपाटासारखीच वाटते! तेव्हा ते गोधडीवर बसले तर खोडी म्हणून बसले नाही, हे ध्यानात घ्या. याच कारणाने पिल्लू आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडू नये. आईजवळचे हे धडे आपल्याच्याने पुरे होत नाहीत.

आता मी स्वतः कुठे चुकलो ते सांगतो. मी शिक्षक. आमच्याकडे मोती आला तेव्हा मला वाटले, वर्गातली चाळीस पोरे सांभाळतो, तर या वीतभर जिवाचे काय! त्याने घरात केले की मी त्याला मानेला धरून तिथे नेई, नाक जमिनीला लावी आणि वर दोन चापट्या देई. चार दिवसांत मोती सुधारला असे आम्हांला वाटले. ओसरी कोरडी, माजघर कोरडे. पुढे घरात वास येऊ लागला म्हणून धान्याची कोठी हलवली, तर मागे चार दिवसांची घाण! त्याला मी अंगणात नेऊन उभा करी तेव्हा तो काहीच करीत नसे. शेपूट पोटाशी घेऊन माझ्याकडे पाहत राही आणि घरात आला की कोठीमागे पळे.

आमच्या शेजारी एक म्हातारे मेंढपाळ राहत. जन्मभर कुत्री पाळलेली. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही त्याला काय शिकवलंत? घरात करू नको असं नाही शिकवलं. तुमच्यासमोर करू नको असं शिकवलं. मग ते बाहेर तुमच्यासमोर करंल कसं?"

श्रोतेहो, हे वाक्य मी विसरलो नाही. मारावर आपला भरवसा फार. पण मार ज्या गोष्टीसाठी दिला ती गोष्ट पिल्लाला कळतच नाही. घाण तासाभरापूर्वी झाली, तुम्ही आता ओरडता. पिल्लाच्या मनात या दोन गोष्टी जुळत नाहीत. तुम्ही म्हणाल, "नाही हो, त्याला चांगलं कळतं. बघा कसा ओशाळा होऊन बसतो." याचीही परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतील अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी 2009 साली चौदा कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्याला खाऊ खायची मनाई करायची आणि खोलीबाहेर जायचे. मागे कधी कुत्र्याला खाऊ द्यायचा, कधी उचलून घ्यायचा, आणि मालकाला मात्र कधी खरे सांगायचे, कधी खोटे. असे दिसले की, कुत्र्याचा तो ओशाळा चेहरा त्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की नाही यावर होता. काही केले नसताना ज्यांना बोलणी बसली, ती कुत्री तर जास्तच ओशाळी दिसली. तेव्हा ज्याला आपण अपराधाची कबुली समजतो, ती निव्वळ आपल्या आवाजाची भीती असते.

मग करायचे काय? चार गोष्टी सांभाळायच्या: जागा, वेळ, शब्द आणि शाबासकी.

पहिली जागा. परसात किंवा अंगणाच्या कडेला एकच जागा ठरवा. मातीची किंवा गवताची असावी; विहीर, हातपंप आणि भाजीचे वाफे यांपासून लांब असावी. रोज तिथेच न्यायचे. आधीचा थोडा वास तिथे राहिला की पिल्लाला आपोआप आठवते. लसी पुऱ्या होईतो त्याला गावच्या रस्त्यावर किंवा मोकाट कुत्री बसतात तिथे नेऊ नका. पार्व्हो नावाचा हगवणीचा रोग आहे. 1978 पासून तो जगभर पसरला. त्याचे विषाणू विष्ठेतून मातीत पडतात आणि महिनोन्महिने टिकतात. लहान पिल्ले त्याने पटापट दगावतात. म्हणून आपल्या आवारातलीच जागा बरी.

दुसरी वेळ. पिल्लाची घटका ठरलेली असते. झोपून उठले की लगेच, खाल्ल्यानंतर पंधरा मिनिटे ते अर्धा तास, भरपूर पाणी प्यायल्यावर, खेळून दमल्यावर, आणि रात्री निजण्यापूर्वी. या प्रत्येक वेळी त्याला उचलून किंवा दोरी लावून बाहेर न्यायचे. याशिवाय एक ठोकताळा आहे. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवा. फार तर तितके तास ते आवरून धरू शकते. दोन महिन्यांचे असेल तर तीन तास, आणि तेसुद्धा निजलेले असताना. जागे असेल, खेळत असेल, तर तासातासाला न्यावे लागते. मध्येच खेळ सोडून ते जमीन हुंगू लागले, गोल फिरू लागले, कोपरा शोधू लागले किंवा दाराशी जाऊन कुंईकुंई करू लागले, तर हातातले काम टाकून उठा. ते तुम्हांला सांगत असते.

तिसरा शब्द. 'चल परसात' म्हणा, 'शू कर' म्हणा; पण घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. आई एक म्हणते, बाबा दुसरे म्हणतात, पोरे तिसरेच ओरडतात, असे झाले की पिल्लू गोंधळते. जागेवर नेले की शांत उभे राहा. खेळवू नका, ओढू नका. पाच मिनिटे वाट पाहा. काहीच केले नाही तर घरात आणून जवळ, नजरेसमोर ठेवा आणि दहा मिनिटांनी पुन्हा न्या.

चौथी शाबासकी. त्याचे उरकले की तत्क्षणी, तिथेच, 'शाब्बास' म्हणा, गोंजारा आणि भाकरीचा लहानसा तुकडा द्या. घरात येऊन मग तुकडा दिलात तर पिल्लाला वाटेल, घरात आल्याबद्दल मिळाला. शिक्षक मित्रांना इव्हान पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचे नाव ठाऊक असेल. पचनक्रियेवरील कामासाठी त्यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले. खाण्याच्या आधी ठरावीक आवाज वारंवार ऐकवला की पुढे नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखवले. दोन गोष्टी पाठोपाठ आल्या, पुन्हापुन्हा आल्या, म्हणजे मनात त्यांची गाठ बसते. परसातली माती आणि भाकरीचा तुकडा यांची गाठ आपल्याला बांधायची आहे.

रात्रीचे काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पिल्लाला नुसते उठून वळता येईल, पाय पसरून निजता येईल, एवढी पाटी किंवा खोके घ्या. आत जुने चिरगुट घाला आणि कोणाच्या तरी अंथरुणाजवळ ठेवा. खोके फार मोठे असले तर ते एका कोपऱ्यात निजते आणि दुसऱ्यात घाण करते. बेताचे असले तर आवरून धरते आणि उठल्यावर कुरकुरते. त्या कुरकुरीला उठायचे, कंदील म्हणा, बॅटरी म्हणा, घ्यायची, गुपचूप बाहेर न्यायचे, गुपचूप आणायचे. रात्री खेळ नाही, गप्पा नाहीत. मात्र दिवसभर त्याला खोक्यात कोंडून ठेवू नका. बिचाऱ्याला जागीच करावे लागले की ती निसर्गाने दिलेली समजही मोडते.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. आपल्याकडे आठ-आठ दिवस झड लागते आणि पिल्लू उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. तेव्हा गोठ्याच्या वळचणीला किंवा पडवीच्या कडेला, छपराखाली, कोरड्या मातीची जागा आधीच करून ठेवा. छत्री धरून तुम्हीही बरोबर उभे राहा. त्याला एकट्याला पावसात ढकलून दार लावून घेतलेत तर ते दाराशीच भिजत बसते आणि आत घेतल्यावर करते.

एवढे सांभाळूनही चुका होतातच. करत असतानाच दिसले तर ओरडू नका. एक टाळी वाजवा, उचला आणि जागेवर न्या. उरलेले तिथे झाले तर शाबासकी द्या. होऊन गेल्यावर दिसले तर काहीही न बोलता पुसून काढा. चूक आपली, आपण वेळ चुकवली. काही पिल्ले मात्र माणूस जवळ आला की पोट वर करून थेंबभर मुततात. तो त्यांचा नमस्कार समजा. त्यांना रागावले तर ते वाढते. हळू बोलून, खाली बसून जवळ घेतले तर वयाबरोबर जाते.

साफसफाईही नीट हवी. फिनेल ओतले की आपल्या नाकाला वास जातो, कुत्र्याच्या नाकाला जात नाही. आणि ओल्या फिनेलवर पिल्लू चालून पाय चाटू लागले तर त्याला ते बाधते. सारवलेली जमीन असेल तर ओली माती खरवडून टाका, नवी थापा आणि मग सारवा. फरशी असेल तर साबणाच्या गरम पाण्याने दोनदा पुसा, खाण्याचा सोडा भुरभुरा, वाळल्यावर झाडून घ्या. शिरका वापरण्याची चाल आहे; पण शहाबादी फरशीचा दगड चुन्याचा, त्यावर शिरक्याचे डाग पडतात. अमोनियाच्या वासाची द्रावणे मुळीच नकोत. मुतालाही तोच वास असतो.

खाण्याचाही याच्याशी जवळचा संबंध आहे. दिवसभर वाडगे भरून ठेवले की दिवसभर घाण. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला ठरल्या वेळी दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्या आणि उरलेले उचला. पाणी मात्र तोडू नका. मायेपोटी गाईम्हशीचे दूध वाटीवाटीने पाजतात. पुष्कळ पिल्लांना ते पचत नाही, हगवण लागते, आणि हगवण लागलेले पिल्लू आवरून धरू शकत नाही. शिकलेले पिल्लू एकाएकी घरात करू लागले, वारंवार थेंबथेंब मुतू लागले किंवा शीत रक्त दिसले, तर शिस्तीचा विचार सोडा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

आता जे सांगतो ते आयाबहिणींनी विशेष लक्ष देऊन ऐकावे. पिल्लाच्या पोटात बहुधा आईच्या पोटातूनच टोक्सोकारा नावाचे गोल जंत आलेले असतात. त्यांची अंडी शीतून मातीत पडतात. ताज्या शीतली अंडी लगेच बाधत नाहीत. मातीत दोन ते चार आठवडे राहिली की बाधू लागतात. रांगते मूल तीच माती तोंडात घालते. जंतांची पिल्ले मुलाच्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही जाऊन बसतात. दुसरे आकडेजंत, त्यांच्या अळ्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात, खाज सुटते आणि नागमोडी रेघ उठते. यावर उपाय सोपा आहे. पिल्लाची शी रोजच्या रोज फावड्याने उचलायची, खोल खड्ड्यात टाकून वर माती ओढायची. शेणासारखे याचे खत समजून भाजीला घालू नका. पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. जंतांचे औषध पिल्लू दोन आठवड्यांचे असल्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याला देतात. प्रमाण वजनावर असते, ते पशुवैद्यांना विचारूनच द्या. आणि तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्या. त्या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

म्हणजे पाहा, परसाची एक ठरलेली जागा असली की घर स्वच्छ राहते, अंगण स्वच्छ राहते आणि पोरांच्या पोटातले दुखणेही टळते. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली. त्यांच्या नावाने 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावोगाव घरी शौचालये आली. आपण आपली सोय केली. आता आपल्या दारच्या मुक्या जिवाचीही करायला हवी.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. वर्गात ज्याच्या घरी पिल्लू असेल त्याला एका वहीत चार रकाने आखायला सांगा: केव्हा उठले, केव्हा खाल्ले, केव्हा बाहेर नेले, काय झाले. आठवडाभर लिहू द्या. तीन-चार दिवसांतच पोराला आपणहून दिसू लागेल की, खाल्ल्यावर वीस मिनिटांनी हे ठरलेलेच आहे. निरीक्षण, नोंद आणि अनुमान, हा शास्त्राचा पहिला धडा त्यात येतो. मात्र सारा भार पोरावर टाकू नये. ते शाळेत असताना पिल्लाला बाहेर नेणारे मोठे माणूस घरात हवे.

आमच्या मोतीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. मी मारणे सोडले. पहिले आठ दिवस तो माझ्यासमोर काही करीना, म्हणून माझी लेक त्याला नेई आणि मी लांब उभा राही. मग एके दिवशी सकाळी त्याने माझ्या देखत केले. मी भाकरीचा तुकडा पुढे केला. त्याने आधी माझ्या हाताकडे पाहिले, मग तुकड्याकडे, आणि अंग चोरतच तो घेतला. मला त्या वेळी वर्गातले एक-दोन चेहरे आठवले. त्याच्या मनातली भीती जायला महिना लागला. परसाची वाट शिकायला त्याला पंधरा दिवससुद्धा लागले नसते.

पिल्लू पूर्ण भरवशाचे व्हायला ते चार ते सहा महिन्यांचे व्हावे लागते. एखाद्याला थोडे अधिक लागतात. पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच वाट रुळते. तेवढे दिवस घरातल्या कोणीतरी पहाटे उठायचे, घड्याळाकडे लक्ष ठेवायचे आणि खिशात भाकरीचा तुकडा बाळगायचा. पोराने आणलेले पिल्लू घरात ठेवून घेण्यापूर्वी, हे आपल्याच्याने होईल का, हे सर्वांनी मिळून ठरवा. होणार नसेल तर त्याला त्याच्या आईपाशीच राहू द्या. होणार असेल तर आज संध्याकाळीच परसातली जागा नक्की करा.